चारपैकी चार

"चारपैकी चार! काढा श्वासाची नळी," सर्जन घैसास हातमोजे उतरवत म्हणाले. "पुढचा पेशंट ताटकळलाय."

इंदुताईंचा भुलीचा गॅस मी नुकताच बंद केला होता. मनगटावर चिकटवलेल्या पट्ट्यांतून मॉनिटर नसेला चार बारीक झटके देतो. अंगठा चारही वेळा सारखाच उडाला, तर स्नायू ढिले करणारं औषध उतरलं. पण शेवटचा डोस देऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. इतक्यात चार? मला काही ते पटेना.

मी चादर उचलली. पट्ट्या मनगटावर नव्हत्याच, अंगठ्याखालच्या फुगीर मांसावर होत्या. झटका नसेला नाही, थेट स्नायूला बसत होता, म्हणून औषध उतरलेलं नसतानाही अंगठा उडत होता. नळी काढली असती तर इंदुताई टेबलावरच गुदमरल्या असत्या.

"या इथे कोणी चिकटवल्या?" मी टेक्निशियनवर खेकसले. वाघमोडे नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हा आठवलं, सकाळी घाईघाईत मीच. मीही गप्प बसले. गॅस पुन्हा सुरू केला, पट्ट्या जागेवर लावल्या. अंगठा एकदाच हलला, तोही जेमतेम. तासाभराने नळी काढली.

संध्याकाळी वॉर्डात इंदुताईंची नाडी बघायला गेले, तर त्यांनीच माझं मनगट धरलं.

"डॉक्टर, मला बोटसुद्धा हलवता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं," त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. "त्या पट्ट्या कोणी चिकटवल्या, ते कळलं का शेवटी?"