एक फेरा जास्त

कारखान्यात रिवाजच होता: मिलिंग मशीनवर जॉब, म्हणजे कापायला लावलेला लोखंडी तुकडा, बिघडवला की त्यावर खडूनं आपलं नाव लिहून तो दाराजवळच्या फळीवर मांडायचा. तिथं झाडून सगळ्या जुन्या कामगारांची नावं होती, नव्हतं ते फक्त उस्तादांचं. म्हणूनच नव्यानं कामाला लागलेल्या त्यांच्या सुनेनं आपला बिघडलेला जॉब आठवडाभर डब्याच्या पिशवीत दडवला होता. आज उस्तादांनी मशीन थांबवलं, खाचेत माप घातलं आणि कपाळावर हात मारला. “हँडल एक फेरा जास्त फिरवलं की मी! खाच खोल गेली.” “कुणी बघितलं नाही, उस्ताद,” फोरमन कुजबुजला, “गुपचूप भंगारात टाकतो.” “मग माझे डोळेही टाक भंगारात!” त्यांनी ठळक अक्षरांत नाव लिहिलं आणि जॉब फळीच्या मधोमध मांडला. सुनेनं पिशवी उघडली, आपला जॉब त्याला खेटून ठेवला आणि हात पुढे केला: “मामंजी, खडू द्या.”