अंगठ्याची सवय

सुईच्या नेढ्यात दोरा शिरत नव्हता. खिडकीशी बसलेल्या पत्नीने दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, सुई उजेडासमोर उचलली आणि एक डोळा मिटला. समोर उभ्या असलेल्या वृद्ध छायाचित्रकाराने कॅमेरा डोळ्याला लावला. पण कळ दाबली नाही.

कॅमेरा लेकीने पाठवला होता. स्टुडिओ बंद झाल्यापासून त्यांनी या कलेचे नावसुद्धा काढले नव्हते. कोणी विषय काढलाच, तर आता ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आहे, मला कोण विचारतो, एवढे बोलून ते वर्तमानपत्र उघडत. गेले काही दिवस मात्र ते पुन्हा घरभर उजेड शोधत हिंडत होते. जिन्याचा कठडा, दारामागची छत्री, नळाखालची बादली, सारे टिपून झाले. चित्रे निर्दोष होती आणि निष्प्राण होती. आजचा प्रयत्न शेवटचा. नाही साधले, तर लेक आली की कॅमेरा तिच्या हाती परत द्यायचा, असे त्यांनी सकाळीच जाहीर केले होते. ते ऐकून पत्नी त्यांचा शर्ट आणि तुटलेले बटण घेऊन खिडकीत येऊन बसली.

"पूर्वी लोकांना श्वास धरायला लावायचात," ती नजर न वळवता म्हणाली. "आता स्वतःच धरून बसलात."

"बोलू नकोस. मान हलते."

"मान माझी हलतेय की हात तुमचा?"

त्यांनी दोन्ही कोपरे छातीशी घट्ट टेकवली. उजेड तिच्या कपाळावरून उतरून बोटांच्या पेरांवर थांबला होता. याच बोटांनी एके काळी ओली छायाचित्रे चिमटे लावून दोरीवर वाळत घातली होती. रसायनांचा तो आंबट वास जेवताना वाढणाऱ्या हातालाही येत असे, आणि त्याविषयी दोघांपैकी कोणी कधी तक्रार केली नव्हती. ते पाहत राहिले. कॅमेऱ्याचे आकडे, खुणा, काल रात्री वाचलेली माहितीपुस्तिका, सारे मनातून ओसरले.

दोरा नेढ्यातून पार झाला. तिच्या ओठांची कड किंचित सैल झाली, आणि त्याच क्षणी कळ दाबली गेली.

पाठोपाठ त्यांचा उजवा अंगठा आपणहून उठला. कॅमेऱ्याच्या खांद्यावरून त्याने हवेत एक अर्धचंद्र काढला आणि तो जागेवर परतला. तेथे काहीच नव्हते. जुन्या कॅमेऱ्यासारखे प्रत्येक चित्रानंतर पुढे सरकवायला रीळ नव्हते, सरकवणारी दांडीही नव्हती.

ते ओशाळले. हात खिशात घालत म्हणाले, "जुनी खोड. इतक्या वर्षांनी कुठून उगवली, कोण जाणे."

पत्नीने दोऱ्याला गाठ मारली.

"गेली कुठे होती, उगवायला? नात पहिल्यांदा उभी राहिली, तेव्हा चहाचा कप होता तुमच्या हातात. कपाच्या कानावर असाच फिरला होता अंगठा. बागेत काही छान दिसले, की छत्रीच्या मुठीवर फिरतो. मी बघते. बोलले नाही कधी."

खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवीत गेली.

"मग काय," तिने विचारले, "लेकीला परत द्यायचा ना?"

नुकतेच टिपलेले चित्र कसे आले, हे त्यांनी पाहिलेच नाही. हात खिशातून बाहेर आला, कोपरे छातीशी टेकली आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लागला.

पत्नीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग मारलेली गाठ तिने कात्रीने कापली, सुईतला दोरा सावकाश ओढून काढला, आणि त्याचे टोक पुन्हा ओठांत धरले.