चिंचेखालच्या घराचा पत्ता

दोन हजार तीन साल. नोकरीत असताना बाहेरचं काम केलंत तर घरी बसाल, अशी सुरेंद्रच्या कंपनीची तंबी होती. म्हणून सुट्टीत बसून लिहिलेला, मराठी टाइप करायचा फुकट प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडण्याआधी त्यानं त्यातून आपलं नाव पुसून काढलं. तरी एकदा दाखवावा म्हणून तो लॅपटॉप घेऊन शहापूरला, मैत्रीण सरिताच्या कॉम्प्युटर क्लासवर आला.

सरितानं प्रोग्रॅमची तयार फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळी चौकोनांची नि चिन्हांची खिचडी. मधेच इंग्रजी अक्षरांत एक ओळ मात्र लख्ख वाचता आली: करंजपाडा, वरची आळी, चिंचेखालचं घर.

"हे काय रे?"

"माझे फोल्डर. घरी जायच्या वाटेनं नावं दिलीत, म्हंजे काम कुठं ठेवलं ते इसरत नाय."

"नाव पुसलंस, पण पत्ता ठेवलास की! ज्या फोल्डरात प्रोग्रॅम बनवतोस ना, त्याची वाट अशी आत छापून जाते. उद्या कंपनीवाले वाचतील नि या घरी शोधत येतील."

सुरेंद्र हसला. "आले तर मला पण बरोबर न्या म्हणावं गो. गाव धरणात गेल्यापासून मला नाय सापडलं ते."

 सरिता हळूच म्हणाली, "तरी काढ रे."

सुरेंद्रनं 'काम' नावाचा कोरा फोल्डर केला आणि एकेक फाइल तिकडं न्यायला घेतली. चिंचेखालच्या घरातून सामान हलवायची त्याची ही दुसरी वेळ.