केळीच्या चिकाची लस

"माझ्या पोरीला सुई टोचू दिली नाही, तरी बघा कशी ठणठणीत!" अशी फुशारकी बॅप्टिस्टनं गिरीज गावभर मारली होती. पण दंडावर लशीची खूण बघूनच शाळेत घेतात म्हटल्यावर त्याची पाचावर धारण बसली. बायकोच्या नकळत त्यानं पोरीच्या उजव्या दंडावर केळीच्या चिकाचा काळपट डाग पाडला. शाळेत सिस्टरनं पोरीची डावी बाही वर केली. "छान, टोचलेलं दिसतंय!" बॅप्टिस्टचे डोळेच पांढरे झाले. तिथं खरोखरची खूण होती. सोबत आलेली बायको फ्लॉसी पुटपुटली, "तान्ही असतानाच नेलेली दवाखान्यात, तुमी वाडीला पाणी लावायला गेल्यावर." तेवढ्यात पोरीनं बाही सरकवून दुसरा दंड खाजवला. सिस्टर खुर्चीसकट मागं सरकली. "जेजू, हा कसला रोग? डाग जाईपर्यंत शाळेत घेणार नाही!" बॅप्टिस्ट रुमालानं घासत सुटला. केळीचा डाग त्याच्या एकाही सदऱ्यावरून आजवर गेला नव्हता.