खुणेचा आंबा

होडीतून उतरून चिखलात पाय ठेवताच चिमाबाईला पहिलं लाल फडकं दिसलं. पुढं दुसरं, मग बरीच. गाळानं काळी पडलेली. प्रत्येकात नारळ आणि बुडावा म्हणून सोबत बांधलेला दगड.

"भैरोबाचं देऊळ कुठाय?" तिनं विचारलं.

दीर हौशीराम वल्हं धरून इकडंतिकडं बघू लागला. धरणानं जुनं गाव गिळलं तेव्हा टेकडीवरची वस्ती तेवढी वर राहिली आणि तिचं बेट झालं. तेव्हापासून दर चैत्रात तोच होडी वल्हवायचा. देवळाची खूण म्हणून पाण्यातून डोकं काढलेला वाळका आंबा गाठायचा आणि म्हणायचा, "सोड वहिनी, देव खालीच हाये." चिमाबाई लेकाच्या, ज्ञानेश्वरच्या लग्नाचा नवस बोलून नारळ सोडायची. पण वरात होडीतून निघणार म्हटल्यावर कुठला मुलीचा बाप तयार होणार? पाहुणे काठावर यायचे, मधलं पाणी बघायचे आणि चहासुद्धा न घेता मागं फिरायचे. पोराची कानशिलं पांढरी झाली.

यंदा पाणी कधी नव्हे इतकं आटलं होतं. आज तिला देवाला तोंडावर विचारायचं होतं.

"आई, देऊळ त्ये तिकडं," मागून उतरलेला ज्ञानेश्वर म्हणाला. लांब, ओढ्याच्या पल्याड, देवळाचा चौथरा उघडा पडला होता. शेजारी एक कुजलेलं खोड आडवं होतं. "देवाचा आंबा कवाच पडलाय. आपण दुसराच धरून बसलो."

"चुकलं, वहिनी," हौशीराम कसाबसा म्हणाला. "पाण्यातनं समदे शेंडे सारखेच दिसत व्हते."

चिमाबाईनं भोवती पाहिलं. मधोमध तो वाळका आंबा, चारी बाजूंनी दगडी भिंत, आत जायला एकच वाट. नवी सून असताना हरवलेली म्हैस सोडवायला ती इथंच आली होती. हा गावाचा कोंडवाडा. मोकाट गुरं इथं आणून कोंडायचे, मालक येऊन दंड भरेपर्यंत सोडायचे नाहीत.

तिला रडू यायला हवं होतं. आली ती नुसती शरम.

ज्ञानेश्वरनं एक गाठोडं उचललं. "नेऊ का समदी भैरोबाकडं? अजून..." त्याचा मोकळा हात पांढऱ्या कानशिलाकडं गेला.

तिनं ते गाठोडं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि होतं तिथं परत चिखलात ठेवलं.

"ऱ्हाऊ दे, बाबा. हितं कोंडलेलं आपणहून सुटत न्हाई. मालकाला यावं लागतं."