धोंडबाचा डावा कान

"हा कोन?" देवरावांनी कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवून विचारलं.

"धोंडबा," मीनल म्हणाली. "लोहार आहे. डोंगरातल्या राज्यात राहते. टकला, रागीट, पण त्याच्यासारखा घण साऱ्या राज्यात कोनी चालवत नाही."

पावर हाउसच्या बाजारात नव्यानंच उघडलेल्या त्या सायबर कॅफेत देवराव रविवारी सकाळी तरातरा आले होते ते पोरीला हाताला धरून घरी न्यायला. बी.एस्सी.ची पोर दर रविवारी दोन-दोन तास पडदा लावून बसते, ती करते तरी काय? पण पडदा सारला तर आत नुसताच मजकूर, तोही इंग्रजी. मीनलनं त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवून सगळं समजावून सांगितलं. इथं देशोदेशीची माणसं मिळून एक खोटं जग चालवतात. ज्यानं त्यानं आपलं एक पात्र घडवायचं, त्याला काय येतं, काय येत नाही ते लिहायचं, आणि मग सगळ्यांनी थोडी थोडी गोष्ट पुढं न्यायची. कोणाचा राजा, कोणाची पंखवाली राणी. मीनलचा लोहार.

"इतक्या मोठ्या दुनियेत तुले लोहारच सुचला?" देवराव म्हणाले. मनातून मात्र त्यांना बरं वाटलं. ते स्वतः कारखान्याच्या फोर्ज शॉपात, तापलेलं लोखंड ठोकायच्या खात्यात, एकतीस वर्षं हॅमर चालवत होते.

मग त्यांची नजर खाली, धोंडबाला काय येत नाही ते लिहिलं होतं तिथं गेली. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, पण दोन शब्द त्यांनी कुठंही ओळखले असते. मेडिकलच्या फॉर्मवर ते दर वर्षी समोर येत. लेफ्ट इअर.

देवरावांची कानशिलं तापली. डावा कान जाऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती. कारखान्याचा डॉक्टर कानामागं घड्याळ धरी, तेव्हा ते समोरच्या औषधांच्या कपाटाच्या काचेत त्याचा हात बघून 'हो' म्हणत. कळलं असतं तर हॅमर सुटला असता आणि स्टोअरच्या दारात रजिस्टर घेऊन बसावं लागलं असतं. तसे बसलेले दोघंतिघं त्यांनी पाहिले होते. हयातभर लाल लोखंड वळवलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सह्या घेत बसली होती.

"मले विचारलं काय तू?" दबक्या आवाजात ते करवादले. "घरातली गोष्ट साऱ्या दुनियेत लिहून राहिली?"

"तुमचं नाव कुठं आहे त्याच्यात?"

"लोहार आहे. टकला आहे. रागीट आहे. अजून नाव कायले पाहिजे?"

मोठ्यानं ओरडायची सोय नव्हती. काउंटरवर बसलेला कॅफेचा मालक ओमप्रकाश हा त्यांच्याच शॉपच्या सुपरवायझरचा सख्खा भाऊ. त्याच्या कानावर पडलं की सोमवारी कारखान्यात पोचलंच म्हणून समजा.

"तुले सांगितलं कोनं?"

"सांगाले कायले पाहिजे, बाबा? आई अन् मी सहा वर्षांपासून तुमच्या उजव्या अंगालेच जेवाले बसतो."

आपण एवढं लपवलं आणि घरच्यांनी निमूटपणे सांभाळून घेतलं, याचाच देवरावांना आणखी राग आला.

तेवढ्यात मीनलनं मागच्या रविवारपासून आलेला नवा मजकूर उघडला आणि टेबलावर हात आपटला. "बेशरम कुठला!"

"काय झालं?"

"कॅनडातला एक आहे. त्याचा जादूगार आहे. त्यानं धोंडबाचा कान बरा करून टाकला. मले न विचारता! दुसऱ्याच्या पात्राले हात लावाचा नाही, हा नियम आहे इथं. अन् सारे त्यालेच शाबासकी देऊन राहिले."

"मंग आता आयकू येते त्याले?" देवरावांचा आवाज नकळत मऊ झाला.

"येते. दोन्ही कानांनी."

"वाच."

मीनल मराठीत सांगत गेली. जादूगारानं कानावर हात ठेवला. कान उघडला. धोंडबा ढसाढसा रडला. जादूगाराच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, इतकी वर्षं मी अर्धाच माणूस होतो, तुम्ही मला पुरा केलं.

"अर्धा?" देवराव ताडकन उठले. स्टूल मागं कोसळलं.

"बाबा, हळू..."

"कोन अर्धा? इतकं लोखंड अर्ध्या मानसानं वळवलं काय? तो जादूगार कधी हॅमरजवळ उभा राहिला? पूस ते सारं."

"दुसऱ्याचं पुसता नाही येत. आपल्याले पुढचं लिहिता येते."

"मंग पुढचं लिह. धोंडबानं त्याचा हात झटकला. म्हनला, एकतीस वर्षं घणाजवळ उभा होतो, तवा गेला हा कान. तू कोन मले पुरा करनारा? मी मागतला होता काय तुले? अन् पाया-बिया पडला नाही तो. हे आधी लिह."

आजूबाजूचे पडदे सरकले. काउंटरवरून ओमप्रकाश उठून आला. "क्या हुआ, अंकल?"

देवराव तोंड फिरवून, कमरेवर हात ठेवून उभे होते आणि मीनल भराभर टाइप करत होती. लिहून झाल्यावर तिनं बापाच्या उजव्या अंगाला उभ्या ओमप्रकाशकडं एकदा बघितलं, आणि उठून बापाच्या डाव्या खांद्याशी येऊन हलक्या आवाजात वाचायला लागली.

"असं नाही," देवराव खणखणीत आवाजात म्हणाले. "इकडून ये अन् जोरानं वाच. त्या कानानं मले आयकू नाही येत."