किसाच्या रांगा

सत्त्याण्णव साली, मी शिकवायचो त्या सांगलीच्या कॉलेजात माझ्या विद्यार्थिनीनं, मायानं, प्रोजेक्ट केला होता. वाहत्या तेलात लोखंडाचे कण सोडायचे, चुंबक लावायचा आणि पुढं काय होतं ते कॉम्प्युटरवर दाखवायचं. तिच्या पडद्यावर ते कण एकाला एक धरून रांगेत उभे राहायचे.

"वाहत्या तेलात रांगा टिकतील का गं? प्रोग्रॅम चुकलाय, दुरुस्त कर," मी म्हणालो. आठवड्यानं तिनं रांगा काढून टाकल्या. मी सही केली.

पुढच्या वर्षी नवी बॅच घेऊन शिरवळच्या एका कारखान्यात गेलो, तर ग्राइंडरवर मायाचे वडील, यल्लाप्पा. मशीनखालच्या तेलातून लोखंडाचा कीस कसा धरतात ते मुलांना दाखवत होते. त्यांनी पन्हळीखाली चुंबक धरला आणि वाहत्या तेलात किसाच्या काळ्या रांगा ताठ उभ्या राहिल्या.

मला बघून त्यांनी घाईनं हात पुसले.

"सर, तवा पोरीची काय चूक नव्हती. ह्ये रोज बघून मीच तिला सांगितलं हुतं, रांगा हुत्यात म्हणून. माझ्या अडाणीपणानं तुमाला लय तरास झाला."

रांगा अजून तशाच उभ्या होत्या.

"असू द्या," मी म्हणालो. "होतं असं कधी कधी."